दुसऱ्याच्या घरी

स्नेही पालक, माजी विद्यार्थी आणि बालमित्रांनो,



शाळेच्या सहलीचा विषय निघाला की आमच्या शिक्षक-कक्षात गेली कित्येक वर्षे एकच नाव निघते, पचमढी. बस ठरलेली, हॉटेल ठरलेले, जटाशंकर, धूपगड ही यादीसुद्धा ठरलेली. परत आल्यावर मुलांना विचारावे, "काय पाहिले रे?" तर उत्तर येते, "सर, हॉटेलात टीव्ही होता!"

यंदा जूनच्या सभेत आमच्या भूगोलाच्या बाईंनी वेगळीच सूचना मांडली. पचमढीच्याच सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात तामियाच्या बाजूला, गोंड आदिवासी कुटुंबे आपल्या घरी पाहुणे ठेवतात. नववीच्या मुलांना तिथे दोन रात्री न्यावे. सभेत क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न सुरू झाले. संडास-बाथरूम कसे? पाणी कसले? मुली कुठे झोपणार? एक पालक तर स्पष्टच म्हणाले, "सर, पैसे भरून मुलांना गरिबी दाखवायला कशाला न्यायचे?"

हा शेवटचा प्रश्न आम्हाला टोचला. त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तेव्हा ठरवले की आधी आपण जाऊन राहून यावे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आणि आमच्या सौ. दोन पिशव्या घेऊन निघालो. त्या दोन रात्रींचा हा वृत्तांत. (आमचे सारे शिक्षण हिन्दी माध्यमात झाले. मराठी ती आईच्या तोंडून आली तेवढीच. लिहिताना कुठे हिन्दी वळण आले तर मराठीच्या बाईंनी लाल पेन जरा आवरावे, ही विनंती.)

इंदूरहून पेंचव्हॅली गाडीने रात्रभर प्रवास करून परासियाला उतरलो आणि तिथून जीपने तामियाकडे. रस्ता चढू लागला तशी दोन्हीकडे साग आणि मोहाची झाडे, मधे मक्याची कापलेली शेते. गावापासून थोडे बाजूला पाच-सात घरांची वस्ती होती. इकडे अशा वस्तीला ढाना म्हणतात. घर मातीचे, वर कवेलू, भिंती पांढऱ्या छुई मातीने पोतारलेल्या, पुढे परछी आणि शेणाने सारवलेले अंगण. पाहुण्यांसाठी त्याच अंगणात दोन खोल्या बांधल्या आहेत, त्यांना लागून पक्के संडास-बाथरूम. स्वच्छता आमच्या घराला लाजवील अशी! सौं.ची अर्धी काळजी तिथेच मिटली.

घरमालक साधारण आमच्याच वयाचे. हात जोडून "सेवा जोहार" म्हणाले आणि पाय धुवायला पाणी दिले. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो, ते आम्हाला गुरुजी. घरात त्यांच्या मातोश्री, ज्यांना सारा ढाना दाई म्हणतो, पत्नी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात.

आता पालकांनी नीट वाचावे असा भाग. हॉटेलात आणि इथे फरक कोणता? फरक मालकीचा आहे. मोठ्या पर्यटनस्थळी आम्ही असेही रिसॉर्ट पाहिले आहे की जिथे भिंतींवर आदिवासी चित्रे आणि दारात आदिवासी चौकीदार, पण गल्ला मात्र दुसऱ्याच शहरात जातो. इथे खोली दादांची, जमीन दादांची, चूल वहिनींची. खोली बांधायला शासनाच्या ग्रामीण पर्यटन योजनेतून मदत मिळाली, उरलेले पैसे त्यांनी मका विकून घातले. दर ठरलेला आहे आणि भिंतीवर लिहिलेला आहे. पाहुणे कोणाकडे उतरवायचे याची पाळी गावानेच बांधून दिली आहे, म्हणजे एकाच घरी गर्दी आणि दुसरे रिकामे असे होत नाही. बैलगाडीची फेरी एकाची, जंगलात वाट दाखवणारा मुलगा दुसऱ्या घरचा, भाजीपाला तिसऱ्याचा. आपण दिलेली नोट संध्याकाळपर्यंत चार अंगणे फिरून येते. याच तामिया भागातल्या साबरवानी गावाला २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या उत्कृष्ट पर्यटन ग्राम स्पर्धेत पुरस्कार मिळाला, हे इथले सगळे अभिमानाने सांगतात.

मध्यप्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहज घेता येत नाही. दादा म्हणाले, "गुरुजी, तो कायदा नसता तर आज मी इथे मालक नसतो, तुमची बॅग उचलत असतो." आम्ही त्यावर काहीच बोललो नाही.

ही कल्पना जगाला नवी नाही. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआपाशी व्हाकारेवारेवा नावाचे माओरी गाव आहे. १८८६ साली टारावेरा ज्वालामुखीच्या स्फोटात तुहोरांगी लोकांचे जुने गाव राखेखाली गाडले गेले. ते इकडे आले आणि गरम झऱ्यांचा प्रदेश पाहुण्यांना दाखवण्याचे आपले काम त्यांनी इथेही चालू ठेवले. आजही तिथे गावकरीच आपले गाव दाखवतात. आपली गोष्ट आपण सांगायची, आणि त्याचे मोलही आपल्याच हाती यायचे, हाच तो विचार.

जेवायला कुटकीचा भात, तुरीची डाळ, मक्याची भाकरी आणि पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी होती. सौं.नी चटणी तीनदा मागून घेतली. रात्री नाच होईल का, असे आम्ही विचारले. दादा हसले. "नाच आमच्या सणाला होतो, लग्नाला होतो. तुमच्या येण्याच्या तारखेला कसा होईल?" आम्ही जरा ओशाळलो. आपल्या घरी पाहुणे आले आणि म्हणाले, चला, मंगळागौर खेळून दाखवा, तर आपल्याला कसे वाटेल?

नाचाऐवजी शेकोटीपाशी गोष्टी झाल्या. दादांनी देवगडचा किल्ला सांगितला. तो याच जिल्ह्यात, छिंदवाड्याच्या दक्षिणेला आहे. तिथल्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ मध्ये बारा खेडी एकत्र करून नागपूर शहर वसवले. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानीच तिथे नेली. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला, वारशाचे भांडण लागले, आणि मदतीला आलेले रघूजी भोसले पुढे स्वतःच राज्यकर्ते झाले. गोंड राजाला नावापुरते राजेपण आणि तनखा उरला. वाचकहो, नागपूर म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे नेहमी भोसलेच आले. शहर वसवणाऱ्याचे नाव आम्हाला पन्नाशी उलटल्यावर, एका गोंड घराच्या अंगणात नीट कळले. "मदतीला आलेले पाहुणे," दादा म्हणाले आणि लाकूड पुढे सरकवले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण आम्ही इंदूरचे मराठी, आमचे पूर्वजही होळकरांच्या फौजेमागून या मुलुखात आलेले. त्या रात्री आम्ही बराच वेळ गप्प होतो.

खरी गोष्ट मात्र दुसऱ्या दिवशी घडली, आणि तीच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

सकाळी परछीत चहा घेत होतो. दाई अंगणात बियाण्यासाठी मक्याची कणसे निवडून टोपलीत टाकत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. पहिला आकडा "उंदी". मग दुसरा. मग "मूंड, नालुंग, सैयुंग". आमच्या हातातला कप तसाच राहिला.

त्याचे कारण असे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीला, आम्ही सातपुड्यातल्याच एका शाळेत गणित शिकवत होतो. वर्गात एक गोंड मुलगा होता, आठ-नऊ वर्षांचा. एकदा चिंचोके मांडून मुलांना मोजायला सांगितले. तो आपल्या बोलीत मोजू लागला. गोंडीत दोन या आकड्याला जो शब्द आहे तो आपल्या कानाला हिन्दी-मराठीतल्या एका शिवीसारखा ऐकू येतो. वर्ग हसला. आम्हाला वाटले, पोरगा शिवी देतो आहे. आम्ही त्याला दोन छड्या मारल्या आणि बाहेर उभे केले. तो रडला नाही, नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही. आम्ही हजेरीत रोज "अनुपस्थित" लिहिले आणि नियमाप्रमाणे पुढे नाव कापले. घरी जाऊन विचारावे, असे आमच्या मनात आले नाही. शिस्त लावली, असेच वाटत होते.

दाईंनी कणीस टोपलीत टाकत तो शब्द उच्चारला आणि तो मुलगा दोनच म्हणत होता हे तीस वर्षांनी आम्हाला कळले. गणिताच्या मास्तरला! गोंडी ही तेलुगूच्या कुळातली द्राविडी भाषा. तेलुगूत तीनला मूडु, चारला नालुगु म्हणतात, गोंडीत मूंड आणि नालुंग. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे तीस लाख लोक नोंदले आहेत. एवढ्या लोकांची भाषा, आणि आमच्या लेखी ती शिवी होती.

रात्री सौं.ना सांगितले. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." सकाळी निघण्याआधी धीर करून दादांना सांगितले. ते आधी हसले. मग म्हणाले, "गुरुजी, मलाही त्याच आकड्यासाठी मार पडला आहे. शाळा वेगळी, मास्तर वेगळे. तेव्हाच ठरवले, माझ्या पोरांना असला मार पडू नये. म्हणून घरात मी पोरांशी हिन्दीच बोललो. आता मुलाला गोंडी समजते पण बोलत नाही. दाई एकटीच मोजते."

आम्ही क्षमा मागितली. ते म्हणाले, "माझी कशाला मागता? तो पोरगा मी नव्हे." बरोबर होते. ज्याची मागायची तो कुठे आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. हे ओझे आमच्यापाशीच राहणार.

पण त्यांनी आणखी एक सांगितले. पाहुणे येऊ लागल्यापासून कोणी ना कोणी विचारतेच, याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? नातीला उत्तर येत नाही, मग ती दाईकडे धावते. असे करत तिला झाडांची नावे आली, भांड्यांची आली, आकडे वीसपर्यंत आले. निघताना तिने आम्हाला आमच्या पिशव्या मोजून दाखवल्या. दोनच होत्या! मोठ्याने, न अडखळता मोजल्या. आम्ही तिच्यामागून ते शब्द म्हटले.

आता त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. तिथे गरिबी दाखवायला न्यायचे नाही. ज्या घरात मालक दुसरा आहे आणि आपण पाहुणे आहोत, अशा घरात वागायला शिकवण्यासाठी न्यायचे. अडचणी आहेत, त्या लपवत नाही. मोबाइलला रेंज जवळजवळ नाही (आमच्या मते ही अडचण नव्हे), उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, डास आहेत, मच्छरदाणी मिळते. म्हणून सहल जानेवारीत ठरवली आहे. मुले दहा घरांत चार-चार अशी राहतील. मुलींच्या घरी शिक्षिका सोबत असतील.

नियम थोडेच आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. दरात घासाघीस करायची नाही. ताटात वाढलेले टाकायचे नाही. नाच दाखवा असे म्हणायचे नाही. आणि प्रत्येकाने निदान पाचपर्यंत गोंडी आकडे पाठ करून यायचे. दोनचा शब्द ऐकून ज्याला हसू येईल, त्याने आधी आमच्या कार्यालयात यावे. शिक्षा होणार नाही. ही गोष्ट त्याला आम्ही स्वतः पुन्हा सांगू.

आणखी एक, सहलीला न येणाऱ्या घरांसाठीही. आपल्या कितीतरी घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिन्दीत, आता तर इंग्रजीत उत्तर देतो. आपल्या पोरांना मराठीसाठी कोणी छडी मारली नाही. तरीही आपली आजी एकटीच मोजते आहे. आज रात्री मुलांना तिच्याजवळ बसवावे आणि विसापर्यंत मोजायला सांगावे. अडले तर ती पुढचे सांगेल.

सहलीचे संमतिपत्र वर्गशिक्षकांकडे मिळेल. भरून पाठवावे.

आपले,
मुख्याध्यापक