रेशनच्या यादीतील ते एक नाव

आमच्या गावच्या रेशन दुकानाचा परवाना निलंबित झाला, त्या दिवशी मला तीन घरी चहा मिळाला. २०२३ सालची गोष्ट. तक्रार मी लिहिली होती. पुरावे मी जोडले होते. तहसीलला सहा खेपा मी घातल्या होत्या. संध्याकाळी विहारासमोर तरुण पोरे जमली आणि "ताई, करून दाखवलंत!" म्हणाली. मी कारकुनी करणारी बाई. कौतुकाची सवय नाही. त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या शेजारची आजी भेटली. वय पंच्याहत्तरच्या पुढे. डोक्यावर धान्याचे गाठोडे, पायात तुटकी चप्पल. आमच्या दुकानाची कार्डे चार किलोमीटरवरच्या गावाला जोडली होती. तिथून ती चालत येत होती. गाठोडे माझ्या ओट्यावर टेकवून ती म्हणाली, "पोरी, तुझा अर्ज खरा हाय गं. पर माझं धान्य लई लांब गेलं बघ."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागले.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ. बौद्धवाडा गावाच्या एका टोकाला आणि रेशन दुकान दुसऱ्या टोकाला. दुकानावर ३०० कार्डे. मी बी.कॉम. शिकले, त्याचा घरच्यांना फार उपयोग झाला असे नाही. पण हिशोब डोळ्यांना दिसतो, एवढे खरे. मशीनची पावती २५ किलोची आणि पिशवीत २४ किलो, असे घरोघर निघाले. दर कार्डामागे एक किलो म्हणजे महिन्याला ३ क्विंटल. वर्षाला ३६ क्विंटल. प्राधान्य कुटुंबातील एका माणसाचा हक्क महिन्याला ५ किलो, वर्षाला ६० किलो. म्हणजे आमच्या एका गावात ६० माणसांचे वर्षाचे धान्य कुठेतरी जिरत होते.

दुकानदाराला विचारले की तो म्हणे, "फुकट तर मिळतंय, हिशोब कशाला मागता?"

धान्य मोफत झाले ते जानेवारी २०२३ पासून. नंतर १ जानेवारी २०२४ पासून ही सोय आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. त्याआधी कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. पैसे घेतले नाहीत म्हणून हक्काचे दान होत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात लाभार्थ्याला भिकारी म्हटलेले नाही, हक्कदार मानले आहे.

दान आणि हक्क यांतला फरक आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. माझी माय १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगते. खडी फोडण्याचे काम, सुकडी आणि लाल मिलोची भाकरी. मिलो वाटताना आपल्या बायकांना बाजूला उभे करीत आणि शेवटी, वरून पदरात टाकीत. सांडलेले दाणे माय वेचून घेई. "भूक लागली होती म्हणून येचले," ती म्हणते, "पर टाकणाऱ्याचा हात अजून दिसतो." त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आमच्या वाड्यात तेव्हा लाटायला पीठच नव्हते.

दुकान कुठल्या आळीत आहे, चालवतो कोण आणि मापाजवळ उभे कोण राहते, यावरही धान्य ठरते. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी पाच राज्यांतील ५३१ गावांच्या पाहणीवरून २००५ मध्ये हेच दाखवून दिले. या जातिभेदावर कायद्याने एक उपाय ठेवला आहे. कलम २९ नुसार राज्यापासून थेट रास्त भाव दुकानापर्यंत दक्षता समित्या नेमायच्या आणि त्यांत अनुसूचित जाती, जमाती, महिला, निराधार व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व द्यायचे. दुसरीकडे याच कामाला अन्न परिषद म्हणतात. कॅनडातील टोरोंटो शहराने १९९१ मध्ये अशी परिषद नेमली. पिकवणारा, विकणारा, अधिकारी आणि खाणारा यांनी एकत्र बसावे, एवढाच त्यामागचा विचार. आपल्याकडे तो विचार कायद्यातच आहे. फक्त समिती कपाटात असते.

आमच्या गावची समिती शोधायला मी तलाठ्याकडे गेले. यादी निघाली. अध्यक्ष सरपंच, मग इतर सदस्य, आणि महिला सदस्यांत अनुसूचित जातीचे एक नाव. ते नाव आमच्या शेजारच्या आजीचे होते!

चार वर्षांपासून ती समितीची सदस्य होती. इतिवृत्ताच्या वहीत, "धान्यवाटप समाधानकारक" या ठरावाखाली, तिचा अंगठा होता. मी धावत घरी आले आणि तिला विचारले. ती म्हणाली, "एकदा ग्रामपंचायतीच्या शिपायानं अंगठा घेतला होता बाई. घरकुलाचा असंल म्हणून दिला."

मला संताप आला. वाचून न दाखवता म्हाताऱ्या बाईचा अंगठा घेतात, ही काय लोकशाही झाली? मी मोठ्याने बोलत होते. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या अर्जावर बी दिला की मी. तू तरी कुठं वाचून दाखवलास?"

वाचकहो, या वाक्यानंतर मी गप्प झाले. खरेच, माझ्या तक्रार अर्जावर बेचाळीस अंगठे आणि सह्या होत्या. ऑफिस सुटल्यावर घाईघाईने मी त्या गोळा केल्या होत्या. अर्जात मी परवाना रद्द करण्याची मागणी केली होती. दुकान बंद पडले तर धान्य कुठून आणायचे, हा प्रश्न मी एकाही बाईला विचारला नव्हता. त्यांच्या भल्याचे मला कळते, असे मी गृहीत धरले होते. शिपाई आणि मी, दोघांनीही तिचा अंगठाच घेतला. तिचे मत कुणीच घेतले नाही.

त्याच सुमारास एका कार्यकर्त्या भगिनीने जहिराबादच्या बायकांची गोष्ट सांगितली. लातूर रोड ते विकाराबाद या रेल्वेमार्गावर बीदरच्या पुढे जहिराबाद लागते. आम्ही चौघी निघालो. आमचा भाग निजामाच्या काळी बीदर जिल्ह्यातच होता. त्यामुळे तेलुगू येत नसले तरी दखनी बोलीवर निभावले.

तिथल्या पस्तापूर भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून काम करते. तिच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा, ते पी. व्ही. सतीश मार्च २०२३ मध्ये वारले. पण काम ज्यांचे म्हणावे, त्या गावोगावच्या संघम् मधील बायका आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य दलित. रेशनवर तांदूळ मिळे आणि यांच्या कोरडवाहू रानात पिके ज्वारी. तांदूळ आला, रान पडीक पडले, मजुरी गेली. तेव्हा १९९० च्या दशकाच्या मध्यात या बायकांनी स्वतःचे रेशन उभे केले. केंद्राच्या ग्रामीण विकास खात्याची मदत मिळाली. पडीक जमीन असलेल्या शेतकऱ्याला नांगरट, शेणखत आणि खुरपणीसाठी हप्त्याने पैसे द्यायचे. त्याने परतफेड रोखीत करायची नाही, ज्वारीत करायची. ती ज्वारी गावातच साठवायची आणि चणचणीच्या दिवसांत गरिबांना बाजारापेक्षा कमी भावात द्यायची. विक्रीचे पैसे पुन्हा गावच्या धान्यनिधीत.

गरीब कोण, हे कुणी ठरवले? सरकारी यादीने नाही. बायकांनी एकत्र बसून घरेच्या घरे मोजली. कुणाकडे जमीन किती, घरात कमावते कोण, विधवा कोण, पोटाला दोन वेळ मिळते का, हे सगळ्यांसमोर बोलले गेले. सगळे एकमेकींना ओळखत असल्याने खोटे टिकत नव्हते. या बायकांनी २००८ मध्ये माचनूर गावातून स्वतःचे संघम् रेडिओ केंद्रही सुरू केले, आणि संस्थेला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

मी कारकुनी सवयीने विचारले, "हिशोबाची वही कोण लिहिते?" एक वयस्क बाई हसून म्हणाली, लिहिणारा कुणीही असो, ऐकणारे सगळे पाहिजेत. वही मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांची बैठक उठत नाही.

परतीच्या गाडीत आम्ही चौघी फारशा बोललो नाही. प्रत्येकीच्या मनात तेच चालले होते.

गावी आल्यावर रविवारच्या वंदनेनंतर विहारात बैठक घेतली. यावेळी अर्ज आधी लिहिला नाही, बायकांना बोलू दिले. कुणी म्हणाली, दुकान सकाळी उघडते, रोज बुडतो. कुणी म्हणाली, विळा-खुरप्याने बोटे झिजली, मशीनवर अंगठा उठत नाही, तीन खेपा होतात. कुणी म्हणाली, पावती वाचता येत नाही. दुकान कायमचे बंद करा, असे एकीनेही म्हटले नाही.

दोन महिन्यांनी दंड भरून दुकानदाराचा परवाना परत मिळाला. आम्ही सरपंच, तलाठी आणि दुकानदार यांना विहारात बोलावले. काही तरुण नाराज झाले. चोराला विहारात कशाला, असे म्हणाले. त्यांचा राग खोटा नव्हता. पण आजी म्हणाली, "समितीत माझं नाव हाय. मी बोलावलंय." तो आला. गावात राहूनही त्याने विहाराची पायरी प्रथमच चढली. सतरंजीवर बसला, आमच्या घरचा चहा घेतला. ही चहाची गोष्ट आजीने आठवडाभर सगळ्यांना सांगितली.

त्याने आपली बाजू मांडली. गोदामातून पोते ५० किलोचे म्हणून येते आणि भरते कमी. ती घट तो आमच्या पिशवीतून काढी. मी त्याला म्हटले, "तुझी घट आमच्या ताटात का?" तो म्हणाला, "वर बोललो तर मला माल कोण देईल?" एकट्या दुकानदाराला तोंड नव्हते आणि एकट्या माझ्या तक्रारीला त्याच्या वरचे काही दिसत नव्हते.

त्यानंतर गाडी आली की समितीचे दोन सदस्य हजर राहू लागले, त्यांत एक बाई असायचीच. पोती सगळ्यांसमोर मोजायची, घट लिहायची, सर्वांनी सही करून तहसीलला कळवायची. पहिल्या दोन महिन्यांत उत्तर आले नाही. चौथ्या महिन्यापासून मात्र माल वजन करून येऊ लागला. आमच्या पिशवीत २५ किलो भरू लागले. आठवड्यात दोन दिवस दुकान संध्याकाळी उघडे राहते. कॉलेजची दोन मुले पावती वाचून देतात. चालता न येणाऱ्या तिघांचे धान्य घरी पोहोचते.

सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. पाच कुटुंबांची नावे अजून यादीत चढलेली नाहीत. गहू कधीकधी किडका येतो. वाड्यातल्या काही पोरांना मी मवाळ झाले असे वाटते. ज्वारीचा प्रश्न तर मोठाच आहे. आमच्या भागात सोयाबीनने ज्वारी हटवली, आणि आईच्या वेळची गरिबाची भाकरी आता विकत घेताना गरिबालाच परवडत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. जमिनीसाठी आपल्या लोकांनी तुरुंग भोगले. वाड्यातील चार कुटुंबे गायरानाचा तुकडा कसतात. आमच्या बचत गटाने गेल्या रब्बीत त्यांच्याकडून ज्वारी आगाऊ ठरवून घेतली आणि बारा घरांनी वाटून घेतली. बारा घरे म्हणजे काही क्रांती नव्हे. पण ती भाकरी कुणी वरून पदरात टाकलेली नाही.

आळवी गावची कथा आपल्याला ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधून उपाशी, दमून आलेल्या गरीब शेतकऱ्याला भगवान बुद्धांनी आधी जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. मोठी सभा तोवर थांबली होती. विहारातील बैठकीत रेशनचा विषय काढला की काहीजण म्हणतात, इथे धम्माचे बोला. त्यांना मी ही कथा आठवून देते.

बंधू-भगिनींनो, एक काम करा. आपल्या दुकानाची दक्षता समितीची यादी मागा. अनुसूचित जातीच्या जागेवर कुणाचे नाव आहे, ते वाचा. त्या माणसाला जाऊन भेटा आणि विचारा, तुम्हाला ठाऊक आहे का? नाव नसेल तर घालायला लावा. नाव असेल आणि माणूस झोपडीत असेल, तर त्याचा हात धरून त्याला बैठकीला न्या. आणि जाताना आपणच त्याच्या वतीने बोलू नका. ही शेवटची गोष्ट मी स्वतःलाही सांगते.

गेल्या बैठकीत इतिवृत्त लिहून झाले तेव्हा तलाठ्यांनी शाईचा पॅड आजीपुढे सरकवला. तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, "आधी वाच."

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचले. दुकानदारही ऐकत होता. मग आजीने अंगठा दिला.