पंधरा मिनिटांत काय दडतं

मी मेनफ्रेमवर काम करते असं सांगितलं की मंडळाच्या कार्यक्रमात हमखास प्रश्न येतो, "ते अजून आहेत?" आहेत. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली, तिचाच वंश आजही मोठमोठ्या बँकांचे हिशेब रात्रभर सांभाळतो. माझं काम त्यातल्याही एका कोपऱ्यातलं. डिस्कवर माहिती लिहायला-वाचायला किती वेळ लागतो, ते बघायचं. हल्ली ते बुऱ्हाणपूरच्या घरूनच करते. खाली गल्लीत यंत्रमागांची खडखड, वर माझे आकडे.

या कामात आधी ठरवावं लागतं की एक आकडा किती वेळाचा धरायचा. आरएमएफ नावाचा प्रोग्रॅम मोजमाप करत राहतो आणि ठरलेला अवधी संपला की एक नोंद लिहितो. त्या अवधीला आम्ही इंटरव्हल म्हणतो. बहुतेक ठिकाणी तो १५ किंवा ३० मिनिटांचा असतो. नोंदीत दिसते ती सरासरी.

बुऱ्हाणपूरकराला हे समजावणं सोपं आहे. एरवी तापीची पातळी दिवसातून ठरावीक वेळांना बघितली तरी भागतं, पण पुराच्या दिवसांत केंद्रीय जल आयोगाची माणसं दर तासाला पट्टी वाचतात. इथलं पाणी पुढे हतनूर धरणाकडे जातं, तिथल्यांना वेळेत कळायला हवं. सकाळ-संध्याकाळ पाणी खालच्या पायरीवर होतं, म्हणून मधे ते वर चढलंच नाही असं राजघाटावरचं पोरही म्हणणार नाही. आणि मे महिन्यात कुणी तासातासाला पट्टी वाचू लागला, तर लोक त्याला हसतील.

आता खरी गोष्ट. एका बँकेत (नाव नको) महिनाअखेरची रात्रीची बॅच उशिरा संपू लागली होती. पेन्शनचे पैसे सकाळी सहाच्या आत खात्यांत पडायला हवेत, ते आठ-साडेआठला पडायचे. ज्यांना वाट बघावी लागत नाही त्यांना दोन तास काहीच वाटत नाहीत. आमच्या गल्लीतल्या काकू मात्र पहिल्या तारखेला सकाळीच पासबुक घेऊन निघतात. बॅचवाले म्हणत, डिस्क अडतेय. स्टोरेजवाले रिपोर्ट पुढे करत : रात्रभर प्रत्येक पंधरा मिनिटांची सरासरी दीड मिलिसेकंदाच्या आत, एका सरळ रेषेत. दोघंही खरंच बोलत होते. भांडण मिटेना, तेव्हा कोट्यवधींची नवी स्टोरेज यंत्रणा घ्यायचा प्रस्ताव आला.

आम्ही महिनाअखेरच्या एका रात्रीपुरता इंटरव्हल एक मिनिटावर आणला. मग दिसलं. दर पंधरा मिनिटांतली तीन मिनिटं डिस्क जवळजवळ अडकत होती. दर पाव तासाला फायलींची प्रत घेणारं एक काम सुरू होई, लिहिण्यासाठीची कॅश भरून जाई आणि बाकीचे रांगेत थांबत.

सरासरीत हे का दिसलं नाही? आकडे सोपे करून सांगते. बारा मिनिटं दर मिनिटाला ६०,००० विनंत्या, प्रत्येकीला १ मिलिसेकंद. उरलेली तीन मिनिटं प्रत्येकीला २०. पण डिस्क अडल्यामुळे त्या तीन मिनिटांत मिनिटाला ६,०००च विनंत्या झाल्या. सरासरी विनंत्यांची निघते, मिनिटांची नाही. म्हणजे जितकी कोंडी मोठी, तितकं सरासरीत तिचं वजन कमी! उत्तर येतं साधारण १.४६. चार तासांच्या बॅचमध्ये असे सोळा पाव तास, म्हणजे ४८ मिनिटं रखडलेली. शिवाय एक काम अडलं की त्याच्यामागची कामंही खोळंबतात, तो उशीर वेगळाच.

त्यातून त्रास दर पंधरा मिनिटांनी आणि मोजणीही दर पंधरा मिनिटांनी! प्रत्येक नोंदीत तेवढाच त्रास, म्हणून रेषा सरळ. ती सरळ रेषा बघून सगळे निश्चिंत होते, मला तर आता फार सरळ रेषेचीच भीती वाटते.

मग कायम एकच मिनिट का ठेवू नये? दिवसाला प्रत्येक डिस्कच्या ९६ नोंदींऐवजी १,४४० होतात आणि अशा डिस्क हजारोंनी असतात. त्या साठवायला पुन्हा डिस्कच लागते. पुढच्या वर्षी किती जागा लागेल एवढंच बघायचं असेल, तर तासाची सरासरीही पुरते. पूर्ण दिवसाची मात्र मी कधीच घेत नाही. दिवसाचे ग्राहक आणि रात्रीची बॅच एका पातेल्यात ढवळण्यात काय अर्थ? आणखी एक बारीक गोष्ट : डिस्क यंत्रणा आपल्या घड्याळाने वेगळ्या नोंदी ठेवते. तिचं आणि मेनफ्रेमचं घड्याळ जुळलेलं नसेल, तर दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही.

त्या बँकेत आता वर्षभर १५ मिनिटंच आहेत, फक्त महिनाअखेरच्या रात्री एक ते पाच एक मिनिट. प्रत घेणारं काम बॅच संपल्यावर चालतं. नव्या यंत्रणेचा प्रस्ताव फायलीतच आहे.