व्होल्टेज वाढवण्याआधी

आपल्या आदिलाबादेत 'व्होल्टेज' म्हटले की घरातल्या थोरांना स्टॅबिलायझर आठवतो. उन्हाळ्यात दिवे पिवळे पडतात, पंखा मंदावतो, ते हे व्होल्टेज. मुले हल्ली ज्या व्होल्टेजविषयी बोलतात ते निराळे. ते कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असते आणि सव्वा व्होल्टच्या आसपास असते.

दहावीतल्या एका विद्यार्थ्याने मार्चमध्ये आमच्याकडे परवानगी मागितली. त्याचा थोरला भाऊ लग्नाचे व्हिडिओ तयार करतो. एका लग्नाच्या कामाला कॉम्प्युटर रात्रभर चालतो. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करावे, असे दोघा भावांच्या मनात होते. घरात कॉम्प्युटर एकच, तोही वडिलांनी कापूस विकून घेतलेला. म्हणून आधी शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर हात बसवू द्या, असे त्याचे म्हणणे. विश्वस्त मंडळातील काहींना हे रुचले नाही. आम्ही परवानगी दिली, कारण मुलगा हे घरी करणारच होता. पालकांनाही यातले कळावे म्हणून येथे लिहीत आहोत.

भिंतीतल्या २३० व्होल्टचे एसएमपीएस १२ व्होल्ट करतो, आणि मदरबोर्डवरचे छोटे भाग, मॉस्फेट व कॉइल, ते आणखी उतरवून प्रोसेसरला देतात. इतक्या कमी व्होल्टेजने काय बिघडणार, असे वाटते. पण ६५ वॅटचा प्रोसेसर १.२० व्होल्टवर चालतो तेव्हा सुमारे ५४ अँपिअर धारा ओढतो. घरातल्या गीझरच्या कितीतरी पट! (आमची पदवी हिंदी माध्यमाची, आमच्या तोंडून 'रोध' ऐवजी 'प्रतिरोध' निघतो आणि मुले हसतात. गणित मात्र दोन्ही भाषांत तेच.) प्रोसेसरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर ढोबळ हिशेबाने ६५ चे ८६ वॅट होतात. म्हणजे काम दहा टक्के जलद, उष्णता तेहतीस टक्के जास्त.

हे फक्त हौशी मुलांच्या बाबतीतच घडते असे नाही. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. मेमरीचा वेग वाढवणारे प्रोफाइल चालू केले की मदरबोर्ड एक व्होल्टेज फार चढवत होते. पुढे नव्या बायोसने ते १.३ व्होल्टवर रोखले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वारंवार बंद पडू लागले. प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये कंपनीने १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झालेली इजा भरून येत नाही.

म्हणून आम्ही मुलाला सांगितले, आधी व्होल्टेजला हात लावू नकोस. बायोसमध्ये ते 'ऑटो'वर असते, आणि वेग वाढवला की कित्येक बोर्ड आपल्या मनाने जास्तच व्होल्टेज देतात. ते आहे त्या आकड्यावर स्थिर करून वेग थोडा थोडा वाढव. कॉम्प्युटर अडखळला तरच व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने चढव, तासभर पूर्ण भार देऊन तपास, तापमान वहीत लिही. आपल्याच मॉडेलची मर्यादा कंपनीच्या कागदांत पाहा. दुसऱ्याचा आकडा उचलू नकोस. चालूच झाला नाही तर वायर काढून बोर्डवरच्या जंपरने बायोस मूळ स्थितीत आणता येतो. पण जळालेला भाग तसा परत येत नाही, आणि वॉरंटीही बहुधा जाते.

सर्वांत मोठी गोष्ट आपल्या गावाची आहे. येथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात जातो. समजा, हिवाळ्यात खोली १५ अंश आणि भाराखाली प्रोसेसर ७० अंश, म्हणजे खोलीपेक्षा ५५ जास्त. तीच खोली मे महिन्यात ४२ झाली तर प्रोसेसर ९७ वर! बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. लग्नसराई तर मे महिन्यातच. जानेवारीत जमलेले गणित नेमके गरजेच्या दिवसांत कोलमडते.

मुलाने शाळेच्या कॉम्प्युटरवर हे सगळे वहीत उतरवले, आणि घरी उलटेच केले. वेग होता तसा ठेवला आणि व्होल्टेज ०.०५ ने उतरवले. त्याच्या घरचा प्रोसेसर उष्णतेमुळेच मंद होत होता. आता तो दुपारीही आपला वेग धरून राहतो. पंख्याची धूळ काढण्याचाही यात वाटा आहेच, तो नाकारता येत नाही.

जूनपासून तो एक जुना कॉम्प्युटर या कामासाठी वेगळा ठेवला आहे. शनिवारी दुपारी, विज्ञानाचे सर हजर असतानाच बसता येईल. पालकांची लेखी संमती आणि एक कोरी वही आणावी. लॅपटॉप कोणीही आणू नये.