बंदीचे दिवस

ऑफिसात आठवड्याची सुट्टी मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठे चाललास?" लेह, स्पिती, गोवा, निदान महाबळेश्वर तरी. "घरी" असं उत्तर दिलं की समोरचा जरा थबकतो आणि आवाज खाली करून विचारतो, "घरी सगळं ठीक आहे ना?"

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर वेगळीच गंमत. पाच दिवसांची सुट्टी आणि दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार धरले तर नऊ दिवस होतात. "नऊ दिवसांत पनवेल ते कन्याकुमारी होतं रे," असा एकाने लगेच हिशोबच मांडला. मी त्याला लिहिलं की सायकल घेऊन घरीच जाणार आहे आणि दिवसाला तासाभरापेक्षा जास्त चालवणार नाही. त्यावर तीन जणांनी हसणारे चेहरे टाकले. माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

घर म्हणजे करंजा. उरणच्या दक्षिण टोकाला, द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या तोंडावरचं आमचं कोळ्यांचं गाव. जेटीवर उभं राहिलं की समोर रेवस दिसतं, म्हणजे अलिबाग तालुका. जुन्या नकाशांत अख्ख्या उरण बेटाचंच नाव करंजा असं सापडतं. आता ते बेट राहिलेलं नाही. भराव पडले, पूल झाले. १९८९ साली शेजारी मोठं बंदर सुरू झालं आणि त्याच्याबरोबर कंटेनरचे ट्रेलर आले. जानेवारी २०२४पासून लोकलही उरणपर्यंत येते. मी घणसोलीत भाड्याने राहतो, इथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. तरीही सलग आठवडाभर घरी राहिलो त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

विश्रांतीचं कारण साधं होतं. जुलैच्या सुरुवातीला मी ४०० किलोमीटरची ब्रेव्हे पूर्ण केली. ब्रेव्हे ही शर्यत नसते, त्यात पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात आपल्या पायांवर संपवायचं, बस. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस आणि ६००ला चाळीस. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका मोसमात चारही अंतरं केली की 'सुपर रँदोनर' म्हणतात. माझी तीन झाली होती. ६०० सप्टेंबरात होती. पण ४००नंतर पंधरा दिवस उलटले तरी पाय जड होते. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त लागत होती, आणि झोप होत होती पण झोपल्यासारखं वाटत नव्हतं. सायकलवाल्यांना ही लक्षणं पाठ असतात. शरीर सांगत असतं की थांब.

लोकांना वाटतं ताकद व्यायामाने वाढते. खरं तर व्यायामात स्नायू झिजतात, त्यांचे बारीक तंतू तुटतात आणि साठवलेलं इंधन संपतं. दुरुस्ती नंतर होते. जेवताना, झोपताना, काही न करताना. ती होऊ दिली तर शरीर आधीपेक्षा थोडं मजबूत होऊन उठतं, नाही होऊ दिली तर आणखी खाली जातं. तूर द फ्रान्ससारख्या स्पर्धेत २१ टप्पे असतात आणि मध्ये दोन दिवस विश्रांतीचे. त्या दोन दिवसांतही खेळाडू अगदी बसून राहत नाहीत, तास-दोन तास हळू सायकल फिरवून येतात. पूर्ण थांबलं तर दुसऱ्या दिवशी पाय उघडत नाहीत म्हणे. म्हणून माझा नियम होता, दिवसाला एक तास, तोही असा की चालवता चालवता गप्पा मारता आल्या पाहिजेत.

आठवडा मी निवडला तो जुलैचा शेवटचा. तो मासेमारी बंदीचाही शेवटचा आठवडा असतो.

आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. कारण दोन आहेत. या दिवसांत बऱ्याच माशांची वीण असते, आणि पावसाळ्यात दर्या माणसाला घेतो. कायदा आला तो अलीकडे. आमचे आजोबा-पणजोबा तसंही पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग बाहेर काढायचे. समुद्राला वर्षातून एकदा श्वास घेऊ द्यायचा, एवढी अक्कल कायद्याच्या आधीपासून होती.

लहानपणी मला वाटायचं की बंदी म्हणजे बाबांची मे महिन्याची सुट्टी. ते घरी असायचे, रोज दिसायचे. या वेळी नीट बघितलं. बंदीत बोट बंद असते, माणूस नव्हे. सोमवारी सकाळी सातला मी उठलो तेव्हा बाबा जेटीवर गेलेले होते. इंजिनचं काम मेकॅनिकने अर्धवट ठेवलं होतं, रंगाचा दुसरा हात बाकी होता. परवान्याचे आणि विम्याचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ओट्यावर ठेवलेले होते. खलाशी परत यायला लागले होते, कुणी नेपाळहून, कुणी उत्तर प्रदेशातून. त्यांना उचल द्यायची होती. आणि जाळी. अंगणात, ओसरीवर, समोरच्या मंडपात, सगळीकडे जाळी पसरलेली. आई आणि काकू दुपारच्या जेवणानंतर तिथेच बसून फाटके डोळे भरत होत्या. आईला सुट्टी बंदीतही नव्हती आणि बंदी उठल्यावरही नव्हती. बोटी सुरू झाल्या की पहाटेचा लिलाव, टोपली, बाजार. मी एकदा तिच्याकडून सुई घेऊन बसलो. दहा मिनिटांनी तिने माझं काम हातात घेऊन बघितलं, काही न बोलता उसवलं आणि म्हणाली, "तू सायकल चालव."

मंगळवारी तसं केलं. खोपट्याचा पूल ओलांडून चिरनेरपर्यंत गेलो. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, म्हणजे तासाचा नियम मोडलाच, पण चढ फारसा नाही आणि वेग गप्पांचाच ठेवला. चिरनेरला हुतात्मा स्मारक आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात इथे गोळीबार झाला, आठ जण गेले. शाळेत दरवर्षी आम्हाला तिकडे न्यायचे. पावसात तो रस्ता हिरवागार असतो. भातलावणी बहुतेक संपलेली, बांधावर बगळे, आणि मध्येच एखाद्या शेताच्या जागी रचलेल्या कंटेनरच्या भिंती.

सकाळी सातच्या सुमारास उरणच्या रस्त्यांवर माझ्यासारखे हेल्मेटवाले दोन-तीनच असतात, पण सायकली खूप असतात. गोदामांत, यार्डांत आणि बांधकामांवर कंत्राटी कामाला जाणारी माणसं. काळी, जड, बिनागिअरची सायकल, हँडलला डबा, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी. ट्रेलर मागून आला की ती कच्च्या साइडपट्टीवर उतरतात आणि तो गेला की परत वर येतात, पेडल न थांबवता. माझ्या सायकलच्या किमतीत त्यांच्या वीस-पंचवीस सायकली येतील. त्या रस्त्यावर चांगला सायकलपटू कोण, हे ठरवायला कुठलंही ॲप लागत नाही. एक जण बराच वेळ माझ्या बाजूने चालला होता. त्याने विचारलं, "ड्युटी कुठे?" मी म्हटलं, "सुट्टी आहे." तो म्हणाला, "मग झोपायचं ना!"

बुधवारी पाऊस जोरात होता, म्हणून सायकल ठेवून बाबांबरोबर बोटीवर गेलो. तिथे मला ते दिसलं, जे घरात कुणी बोललं नव्हतं. माझा चुलतभाऊ सुकाणूपाशी उभा होता आणि बाबा त्याला एकेक गोष्ट सांगत होते. जीपीएसमध्ये साठवलेल्या जागा, कुठल्या जागी तळाला खडक आहे आणि जाळं फाटतं, कुठल्या वाऱ्यात कुठून वळायचं, कुठल्या आवाजाला इंजिन लगेच बंद करायचं. भाऊ काही गोष्टी मोबाइलवर टाइप करून घेत होता. माझ्या भाषेत याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात. माणूस नोकरी सोडतो तेव्हा शेवटच्या आठवड्यात हे करतो.

बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. पस्तीसेक वर्षं तांडेल. गेल्या मोसमात त्यांची कंबर धरली होती. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं सांगितलं होतं, आणि समुद्रात वजन न उचलता करायचं असं काही काम नसतं. हे मला फोनवर "जरा कंबर दुखते" एवढंच कळलं होतं. बोट आमची आणि काकांची भागीत. मी इंजिनीअर झालो तेव्हाच आमच्या घरातून बोटीवर पुढे कोण जाणार, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं इतकंच. फी भरली ती याच बोटीच्या पैशांनी.

परत येताना मी विचारलं, "बाबा, या वर्षी जाणार ना?"

"पहिल्या फेरीला जाईन. जागा दाखवायला पाहिजेत."

"आणि मग?"

"मग काठावरचं बघेन. बर्फ, डिझेल, हिशोब. ते पण कामच आहे."

थोडं चालल्यावर त्यांनी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक जुनी लाकडी होडी दाखवली. म्हणाले, "ही दोन वर्षं अशीच आहे. लाकूड सुकलं की फळ्या आकसतात, मधल्या फटी उघडतात. पाण्यात होती तोवर एक थेंब आत येत नव्हता."

मी विश्रांतीवर बरंच वाचलंय. आठवडाभर थांबलं तर दम फारसा कमी होत नाही, तीन-चार आठवडे थांबलं तर होतो, हे मला आकड्यांत सांगता येतं. पण त्या सगळ्या वाचनात एक गोष्ट गृहीत असते की परत जायचंय. विश्रांती ही परतण्याची तारीख असलेली गोष्ट. बोटीची तारीख १ ऑगस्ट. माझी सप्टेंबरातली. बाबांनी कागदावर सही करून आपली तारीख खोडली नव्हती, पण बुधवारी ते दुसऱ्याच्या हातात सुकाणू देऊन बाजूला उभे होते, आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी कमरेवर, कधी पाठीमागे.

रात्री आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "गेल्या वर्षी पण हेच म्हणाले होते, फक्त पहिली फेरी." मग थोड्या वेळाने, "या वेळी भावाला शिकवतायत, हे खरं."

गुरुवारी पाऊस उघडला. सायकल लाँचमध्ये टाकून पलीकडे रेवसला गेलो. हे मला लहानपणापासून आवडतं. रस्त्याने अलिबागला जायचं तर पेण-वडखळचा भला मोठा वळसा, आणि खाडीतून पंधरा-वीस मिनिटं. लाँचवाल्याने सायकल नेहमीच्या ठिकाणी, दोरीच्या वेटोळ्यावर आडवी टाकली. रेवस-करंजा पुलाची गोष्ट अंतुल्यांच्या काळापासून, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, आम्ही ऐकत आलोय. आता खरंच काम सुरू झालंय. पूल झाला की ट्रक, बस, गाड्या काही मिनिटांत पलीकडे जातील आणि ते बरंच होईल. कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा लाँचची वाट बघावी लागणार नाही. त्यावर सायकल चालू देतील की नाही, हा प्रश्न माझ्यासारख्यालाच पडतो. शिवडीहून चिर्ल्याला येणाऱ्या अटल सेतूवर दुचाकीला आणि रिक्षालाही बंदी आहे, सायकल तर लांबच. रेवसला चहा घेतला आणि पुढच्याच लाँचने परत आलो. एकूण सायकल चालवली सहा किलोमीटर. सकाळची नाडी मात्र जागेवर आली होती.

त्या रात्री जेटीवर दिवाळीसारखा उजेड होता. बर्फाच्या गाड्या, डिझेलचे पिंप, किराणा, कांदे-बटाट्यांच्या गोणी, भांडी. काही नाखवे नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, पण ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांना एकेक दिवस महाग असतो. आमची बोट शुक्रवारी पहाटे निघाली. बाबांनी बोटीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. सुकाणू भावाने घेतलं. बाबा नाळेवर जाऊन बसले, जिथे एरवी सगळ्यात नवा खलाशी बसतो, आणि तिथून हाताने डावं-उजवं दाखवत राहिले. आई दिवे दिसेनासे होईपर्यंत थांबली नाही. तिला जाळ्यांची जागा झाडायची होती.

मी सोमवारी कामावर रुजू झालो. बोट मंगळवारी आली. मासळी बरी मिळाली, भाऊ एकदाच चुकला, हे बाबांनी फोनवर तीनदा सांगितलं. दुसऱ्या फेरीला ते गेले नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा परत फोन आला. एरवी ते माझ्या सायकलबद्दल कधीच काही विचारत नाहीत. म्हणाले, "तुझ्या त्या सायकलवाल्यांत किती वयापर्यंत चालवतात?"

मी सांगितलं, वरची वयोमर्यादा नसते. सत्तरीतले लोकही चालवतात. वेळेत पोचलं म्हणजे झालं.

"सगळ्यांत पुढे नसतील ते."

"नाही. मागे असतात. पण पोचतात."

ते काही वेळ गप्प होते. मागे जेटीवरचा आवाज येत होता, कुणीतरी बर्फाचे दर ओरडून सांगत होतं. मग म्हणाले, "थांब, ठेवतो. हा बर्फवाला वजनात फसवतोय."