गिंडीच्या जंगलात कोल्हेकुई

चेन्नई म्हटले की मरीना किनारा, कपालीश्वराचे देऊळ आणि कांजीवरमच्या साड्या. तीन दिवसांच्या सहलीत बहुतेक मराठी कुटुंबे एवढेच पाहतात आणि चौथ्या दिवशी महाबलीपुरमची बस पकडतात. पण या महानगराच्या ऐन पोटात एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे चक्क कोल्हे राहतात, हे किती जणांना ठाऊक असते? एकीकडे वाहनांची वर्दळ, दुसरीकडे आय. आय. टी.ची वसतिगृहे, आणि मधल्या झाडीत दिवस मावळता मावळता एक लांबलचक हाळी उठते. ती ऐकून पाहुणे दचकतात. शेजारच्या वसाहतींतले लोक मात्र शांतपणे चहाचा घोट घेतात.

हे गिंडीचे जंगल. क्षेत्रफळ जेमतेम 2.7 चौरस किलोमीटर. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे, यावरून गिंडीचा जीव केवढा ते समजावे. तरीही चितळ, काळवीट, मुंगूस आणि कोल्हा एवढ्याशा जागेत नांदतात. झाडी कोकणासारखी घनदाट नाही. ठेंगणी, काटेरी, बारा महिने हिरवट राहणारी अशी ती कोरोमंडल किनाऱ्याची खास झाडी आहे. शहरे वाढली तशी ती किनाऱ्यावरून जवळजवळ पुसलीच गेली.

साहेबाची शिकार

गिल्बर्ट रिकेट्स नावाच्या इंग्रजाची ही मिळकत 1821 मध्ये मद्रास सरकारने 35,000 रुपयांना घेतली आणि गव्हर्नरसाहेबांना शहराबाहेर हवापालटाची जागा मिळाली. तेव्हाच्या मद्रासमध्ये साहेब लोकांची मोठी अडचण होती. विलायतेत घोड्यावर बसून, कुत्र्यांची टोळी घेऊन 'फॉक्स'मागे धावायची त्यांना सवय. इथे तो प्राणी मिळेना. मग त्यांनी कोल्ह्यालाच 'फॉक्स' ठरवून टाकले. (आपणही शाळेत उलटी चूक करतो. द्राक्षे आंबट म्हणणारा इसापाचा प्राणी मुळात कोल्हा नव्हे, खोकडाचा विलायती भाऊ.) अठराव्या शतकातच 'मद्रास हंट' नावाची मंडळी त्यासाठी जमू लागली. मुंबईच्या साहेबांनीही असाच 'जॅकल क्लब' काढला होता.

या शिकारीची तयारी मोठी असे. थंडीचे महिने निवडायचे, इंग्लंडहून जहाजाने कुत्री मागवायची, त्यातली कित्येक इथल्या उन्हाने मरायची, म्हणून पुन्हा मागवायची. उजाडण्यापूर्वी निघावे लागे, कारण ऊन चढले की जमिनीवरचा वास उडून जातो आणि कुत्र्यांना माग लागत नाही. उटकमंडला हवा थंड म्हणून तिथल्या माळांवर हा खेळ अधिक रंगला. तिथल्या एका विस्तीर्ण माळाला गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांचे नाव आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकारी वाळवंटी जमिनीवर आजही हौशी लोक कोल्ह्याच्या चुलतभावाची, 'कायोट'ची शिकार आखतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय मिटला.

कोल्ह्याच्या नावाची माणसे

साहेबाला शिकार हा शौक होता, पण तमिळनाडूत एका जमातीचे पोटच तिच्यावर चाले. तमिळमध्ये 'नरी' म्हणजे कोल्हा. नरिकुरवर हे त्या जमातीचे नाव. आपल्या फासेपारध्यांसारखेच हे भटके शिकारी. त्यांच्या घरातली बोली तमिळ नाही. 'वागरी' नावाची ती बोली गुजरातीच्या जवळची असून तिच्यात मराठीचेही शब्द मिसळले आहेत. उत्तरेकडून आपले पूर्वज आले, असे ते सांगतात. काहींच्या समजुतीप्रमाणे तर ते शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत उतरले. याला कागदोपत्री आधार सापडणे कठीण, पण मराठी पाहुण्याला हे ऐकून बरे वाटते, एवढे खरे.

मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख एडगर थर्स्टन यांनी 1909 मध्ये दक्षिणेतील जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. कोल्ह्याची हुबेहूब हाळी काढून त्याला जाळ्याकडे बोलावणाऱ्या या लोकांचे वर्णन त्यांत आहे. घोडे नाहीत, विलायती कुत्री नाहीत, फक्त गळा आणि जाळे. अमेरिकन शिकारी आज याच कामासाठी दुकानातून शिट्ट्या विकत घेतात!

कायदा आला तेव्हा कोल्हा वाचला, हे चांगलेच झाले. पण ज्याच्या हातातले जाळे गेले, त्याच्या हातात काय द्यायचे, याचा विचार तेवढा झाला नाही. सापांच्या कातडीवर जगणाऱ्या इरुळा जमातीला 1978 मध्ये सहकारी संस्था मिळाली. महाबलीपुरमच्या वाटेवर वडनेम्मेली येथे ते आता साप पकडून विष काढतात, आणि त्यापासून लस बनते. नरिकुरवरांच्या वाट्याला असे काही आले नाही. मण्यांच्या माळा ओवून देवळांपुढे आणि बसस्थानकांवर विकणे हाच बहुतेकांचा धंदा झाला. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव यायला 2023 साल उजाडले. शाळेच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी त्या एका नोंदीची किंमत काय असते, हे महाराष्ट्रातल्या भटक्या कुटुंबांना सांगायला नको.

आक्रसलेले रान

आणि कोल्ह्याचे काय? त्याचे रान एके काळी 505 हेक्टरांचे होते. 1958 मध्ये त्यातला मोठा तुकडा आय. आय. टी.साठी गेला, काही भाग बालोद्यानासाठी. गांधी, राजाजी आणि कामराज यांची स्मारकेही इथे उभी राहिली. जे उरले ते 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. शिकाऱ्यापेक्षा आता भटकी कुत्री हा इथल्या प्राण्यांना मोठा धोका आहे. कुत्र्यांच्या तोंडी हरणे जातात, आणि त्यांचे रोग कोल्ह्यांना लागू शकतात.

तमिळ माणसाला मात्र कोल्ह्याचे दर्शन शुभ वाटते. कुणाचे काम फत्ते झाले की 'सकाळी कोल्ह्याचे तोंड पाहून उठलास का?' असे विचारतात. आपण मांजर आडवे गेले की थांबतो!

जायचे झाल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. परतीचा पाऊस ओसरू लागलेला असतो आणि घामही कमी येतो. किनाऱ्याकडून तांबरमकडे जाणारी लोकल गिंडीला थांबते, मेट्रोही आहे. बालोद्यान आणि 1972 पासून शेजारी असलेले सर्पोद्यान पाहता येते. आतल्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. वेळा आणि सुटीचा वार निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. मुलांना खाऊचे पुडे प्राण्यांपुढे धरू देऊ नये.

बाहेर रस्त्यावर कुणी केसाळ गोळा दाखवून 'कोल्ह्याचे शिंग आहे, घरात लक्ष्मी येईल' म्हणाले, तर घेऊ नका. कोल्ह्याला शिंग नसते, आणि खरोखर त्याच्या कातड्याचे काही निघाले तर तो गुन्हा ठरतो. त्यापेक्षा नरिकुरवर बाईकडून मण्यांची एक माळ घ्यावी. घासाघीस जरा कमी करावी. मग कोट्टूरपुरमच्या बाजूला अंधार पडेपर्यंत थांबावे. कोल्हा दिसेल याची हमी नाही. ऐकू येण्याचा संभव मात्र आहे.