पुढे पाठवलेली बातमी

2018 सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. आम्ही धुळ्यात एका उर्दू शाळेत नव्याने लागलो होतो. बी.एड. होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे उत्साह दांडगा होता. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुपही आम्हीच हौसेने तयार केला होता.

एका रात्री जळगावच्या नातेवाइकाकडून एक व्हिडिओ आला. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. खाली लिहिले होते, मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, प्रत्येक आईबापापर्यंत हे पोहोचवा. आम्ही पडलो शिक्षक. मुलांची काळजी आम्ही नाही करायची तर कोणी? व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि एक नेक काम झाले अशा समाधानात झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात दहा-बारा मुले गैरहजर होती. एका मुलीच्या अम्मीने निरोप धाडला, "सर, चोर पकडले गेले की मग पाठवते." आम्हाला त्यातही आपले काही चुकले असे वाटले नाही.

मग 1 जुलैचा रविवार उजाडला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळ राईनपाडा नावाचे गाव आहे. तिथे त्या दिवशी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. मुले पळवणारे हेच, असा संशय कोणाला तरी आला. गर्दी जमली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. ज्या इमारतीत गावकऱ्याने न्याय मागायला जायचे, त्याच इमारतीत.

बातमी कळली तेव्हा आमच्या मनात पहिला विचार कोणता आला, ते आज खरे खरे सांगतो. आपल्यातले कोणी नव्हते ना? नव्हते. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्या श्वासाची आजही लाज वाटते. आमचे मामू साक्री तालुक्यातल्या बाजारांतून बांगड्या विकत फिरतात. त्यांच्या पिशवीवर हात टाकून कोणी ओरडले असते, तर त्यांच्या दाढीने त्यांना वाचवले असते की लवकर मारले असते?

त्याच रात्री मालेगावात आझादनगर भागात तशीच वेळ आली होती. पाच जणांचे एक कुटुंब, त्यात एक लहानगे मूल, जमावाच्या तावडीत सापडले. मोहल्ला आपला, जमावही आपलाच. पण त्याच मोहल्ल्यातल्या माणसांनी त्यांना घरात घेतले, दार लावले आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. म्हणजे मारायला धावणारे आपणच आणि वाचवणारेही आपणच. प्रश्न कोणत्या बाजूला उभे राहायचे एवढाच होता.

आम्ही पाठवलेल्या व्हिडिओची हकिगत पुढे वर्तमानपत्रांतून कळली. तो कराचीत तयार झाला होता. मुलांना जपा, हे सांगण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या चित्रफितीने माणसांच्या जिवाशी खेळ मांडला. आमच्या ग्रुपवरून ती राईनपाड्यापर्यंत गेली असे आम्ही म्हणत नाही. पण गेली नाही, असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

यानंतर सरकार हलले, न्यायालय हलले. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमा असा आदेश दिला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाचाचे पंचवीस आणि पंचवीसाचे सव्वाशे व्हायला किती वेळ लागतो, हे आमच्या सातवीच्या वर्गालाही सांगता येते.

आपल्याविरुद्ध खोटे पसरवले जाते, ही आपली तक्रार खरी आहे. पण आपणही निर्मळ नाही. 11 ऑगस्ट 2012 रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर हिंसाचार झाला, दोन जीव गेले. त्याआधी म्यानमार आणि आसामच्या नावाने बनावट छायाचित्रे हातोहात फिरली होती. दुःख खरे होते, चित्रे खोटी होती. खऱ्या दुःखाला खोट्या चित्राचा आधार दिला की दुःखाचीही साक्ष खोटी ठरते.

2024 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या एका वृद्ध प्रवाशाला धुळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत इगतपुरीजवळ गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच चित्रण करून ते पसरवले. ते पाहून आमचे रक्त तापले. दोन दिवसांत दुसरा निरोप आला, त्या बुजुर्गांनी आत्महत्या केली. तो आमच्याच लोकांनी पाठवला होता. बोट बटनावर गेले, आणि आम्हाला जून 2018 ची ती रात्र आठवली. आम्ही फोन खाली ठेवला. पुढे त्या बुजुर्गांनी स्वतःच आपण हयात असल्याचे सांगितले.

सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. नाहीतर नकळत एखाद्या जमातीला इजा होईल आणि मागाहून पस्तावा होईल, असा तिचा आशय आहे. हे आम्ही मुलांना कितीदा शिकवले होते! परीक्षेला प्रश्न आला तर गुणही दिले असते. स्वतःच्या हातात फोन आला तेव्हा मात्र विसरलो.

आता वर्गात एक तास आम्ही यासाठी ठेवतो. फळ्यावर चार प्रश्न लिहितो: कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले का? कुठले आहे? कधीचे आहे? गेल्या वर्षी एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, आपने कभी गलत भेजा था क्या?"

वर्ग शांत झाला. आम्ही खडू खाली ठेवला आणि त्यांना राईनपाड्याची गोष्ट सांगितली. आमच्या व्हिडिओपासून.