तळहाताला कळणारे दुखणे

मानमोडी आली की ती साऱ्या गावाला कळते. दोनचार दिवसांत खुराडी रिकामी होतात आणि गेलेल्या कोंबड्यांचा हिशेब घराघरांत होतो. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करण्यात आले आणि त्या लहानशा गावाचे नाव देशभर पोचले. जंतांच्या वाट्याला अशी प्रसिद्धी येत नाही. ते बहुधा कोंबडीला मारीत नाहीत, तिला नुसते उणे करीत राहतात.

हे उणेपण सावकाश येते. तुऱ्याचा लाल रंग फिका होतो, पंख सैलावतात, विष्ठा पातळ होते, अंड्यांमधले अंतर वाढते. कोंबडी दाणे टिपीत असतेच. त्यामुळे घरधनीण कधी उन्हाला, कधी वयाला बोल लावते. मग एखाद्या सांजेला डालग्याखाली झाकण्यासाठी ती कोंबडीला उचलते आणि पिसांआडचे छातीचे हाड तळहाताला टोचते. डोळ्यांना जे महिनाभर दिसले नाही, ते हाताला क्षणात कळते.

कोंबडीच्या लहान आतड्यात राहणारा गोल जंत पांढरट असतो. त्याची मादी ७ ते १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि उबदार, दमट जागी सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. पट्टकृमीचा मार्ग निराळा : तो मुंग्या, भुंगेरे अशा कीटकांच्या पोटातून कोंबडीत शिरतो. परसातल्या कोंबडीचे सारे वैभव तिच्या उकरण्यात आहे. विकतच्या खाद्यावाचून ती पोसली जाते ती त्यामुळेच. आणि जंतही तिला त्याच वाटेने भेटतात. तिला कायमची कोंडून हा प्रश्न सोडविणे म्हणजे तिचे परसातले जिणेच नाकारणे होय.

म्हणून उपाय कोंबडीइतकाच जमिनीवरही करावा लागतो. पायपरेझिन हे जुने औषध गोल जंतावर चालते, पट्टकृमीवर नाही; तेव्हा विष्ठा पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे हा खरा आरंभ. औषधाची मात्रा आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ वा विकू नयेत, हे पशुवैद्याने सांगावे. पुढचे काम घरचे : खुराड्यातील विष्ठा वरचेवर काढणे, जमीन कोरडी राखणे, दाणापाणी मातीवर न टाकता भांड्यात देणे आणि तीन महिन्यांच्या आतली पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवणे, कारण जंतांचा जाच त्यांनाच अधिक होतो. यांतले काही राहिले, तर औषधाने बरी झालेली कोंबडी त्याच अंगणातून तेच जंत पुन्हा टिपते.

अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातचा असतो. मीठमिरची, मुलाची वही, जत्रेतल्या बांगड्या त्यातून निघतात. कोणत्याही वहीत तो जमेस धरला जात नाही. जमेत नसलेल्या पैशाची तूट खर्चातही दिसत नाही. कोंबडीच्या पोटातला जंत आणि घराच्या हिशेबातली ही तूट, दोन्ही एकाच कारणाने दडून राहतात : जिथे कोणी मोजत नाही, तिथे ती असतात. त्या तळहाताची साक्ष दवाखान्यापर्यंत पोचणे एवढ्यासाठीच महत्त्वाचे आहे.